मोळ्यांखालचा रिफ्लेक्टर

आमच्या राहू गावात तेव्हा एक सुरक्षा दल होतं. मी त्याचा सचिव. म्हणजे पत्रं लिहिणारा, वृत्तांत लिहिणारा आणि फोटोत मधोमध उभा राहणारा. शाळेत मास्तर असल्यामुळे अक्षर आणि आवाज दोन्ही माझ्याकडे आहेत असं गावानं धरून चाललं होतं, आणि मीही ते आनंदानं मान्य केलं होतं. पांढरी टोपी, दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. जत्रेत गर्दी आवरायची, विसर्जनाला नदीवर दोर घेऊन उभं राहायचं, बाजारच्या दिवशी रस्ता मोकळा करायचा. काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. पण टोपी घातली की माझी मान जरा जास्तच ताठ व्हायची, हेही खरं.

उसाचा हंगाम लागला की रस्त्यावर कारखान्याला जाणाऱ्या टायरगाड्यांची रीघ लागायची. थंडीत दिवस लवकर मावळतो. पुढं सावकाश चाललेली बैलगाडी मागच्या मोटारसायकलवाल्याला अंधुक उजेडात दिसायचीच नाही. म्हणून दलानं ठरवलं की प्रत्येक गाडीला मागं लाल रिफ्लेक्टर लावायचा. कल्पना माझीच. तालुक्याहून पाहुणे येणार होते, पेपरचा फोटोवाला येणार होता, म्हणून गाड्या सकाळी उसाच्या फडावर निघायच्या आधीच आम्ही त्या शाळेपुढं रांगेत उभ्या केल्या. भरलेली गाडी वाटेत अडवली तर गाडीवान शिव्या घालतात. रिकामी गाडी बरी, गुमान उभी राहते.

गाडीच्या मागच्या आडव्या फळीवर आमची माणसं रिफ्लेक्टर ठोकत होती. तेवढ्यात एक म्हातारे गाडीवान माझ्याजवळ आले. ऊसतोडीला बीडकडून आलेले.

"गुरुजी, हितं ठोकून काय उपेग? मोळ्या भरल्या की मागं हातभर भाईर येत्यात. फळी दिसतीय कुठं?"

"मग कुठं लावायचा, मामा?"

"भोकं पाडा, तार ओवा. शेवटच्या मोळीला आमीच लटकवू की रोज."

मला त्याच क्षणी पटलं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. पण पाहुण्यांची जीप आली होती, ऊन बरोबर पडलंय म्हणून फोटोवाला घाई करत होता, आणि परगावच्या गाडीवानाच्या सांगण्यावरून चालता कार्यक्रम थांबवणं म्हणजे चारचौघांत कमीपणा. "उद्या बघू," म्हणालो. फोटो झकास आला. रिकाम्या गाड्या, चमकणारे रिफ्लेक्टर आणि मधोमध मी.

तो उद्या आठ दिवस उजाडला नाही.

नवव्या दिवशी दिवेलागणीला कोणीतरी सांगत आलं की गावाबाहेरच्या वळणावर मोटारसायकल उसाच्या गाडीवर मागून आदळली. मी शिट्टी घेऊन पळालो. शिट्टीचा तिथं काय उपयोग होता, देव जाणे. गाडी त्याच मामांची होती. मोटारसायकल आमच्या धनगरवस्तीवरच्या एकाची. तो दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. बायकोला मागं बसवून, तिच्या माहेराहून, कवठे येमाईहून परतत होता. त्याला नुसतं खरचटलं होतं. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि अंगावर मोळ्या घसरल्या होत्या. लोकांनी भराभरा सगळा ऊस उतरवून कडेला टाकला, तिला बाहेर काढलं आणि दोघांना जीपमध्ये घालून दौंडला नेलं.

हवालदार आले तोवर गाडी रिकामी झाली होती. त्यांच्या बॅटरीच्या उजेडात फळीवरचा रिफ्लेक्टर लखलखला.

"ह्यो कवा लावला?"

"मागच्या आठवड्यात, साहेब. आमच्या दलानं."

"मंग त्याला दिसला कसा न्हाई?"

मी गप्प राहिलो. मामा माझ्याकडे टक लावून बघत होते. तेही बोलले नाहीत. पोलीस बैलं अडकवून ठेवतील या भीतीनं ते कासरा सोडत नव्हते. कागदावर लिहिलं गेलं की गाडीला रिफ्लेक्टर होता, चूक मोटारसायकलवाल्याची. घरी येताना मी मनाशी म्हणालो, आपण खोटं तर बोललो नाही, आणि एक गरीब गाडीवान वाचला. त्या रात्री मला झोपसुद्धा लागली. याचीच मला आज जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी सगळे रिफ्लेक्टर काढून घेतले, भोकं पाडली, तारा ओवल्या. संध्याकाळपासून ते शेवटच्या मोळीला लटकायला लागले आणि लांबून दिसायलाही लागले. वृत्तांतात मी 'सुधारित पद्धत' असं लिहिलं. म्हणजे चूक कळली, दुरुस्तही केली. कबूल तेवढी केली नाही.

इकडं गावात एकच बोलणं. एवढा लालभडक रिफ्लेक्टर असून ह्याला दिसला नाही, म्हणजे ह्याच्या डोळ्यांतच खोट. टेम्पोच्या मालकानं त्याला ड्रायव्हरकीवरून काढलं. त्यानंही भांडण केलं नाही, कारण त्याचाही लोकांच्या बोलण्यावर विश्वास बसला होता. मोटारसायकल विकली. बापानं मेंढरं सोडून शेती धरली होती. हा पुन्हा दुसऱ्याच्या मेंढरांमागं चालू लागला. बायको लंगडतच खुरपायला जायची. दोघं समोरून दिसली की मी गल्ली बदलायचो.

दल दर वर्षी शाळेच्या ओसरीत डोळे तपासणीचं शिबिर भरवायचं. नावं लिहायला टेबलाशी मी. तो दर वर्षी रांगेत असायचा. डॉक्टर दर वर्षी सांगायचे, डोळे उत्तम आहेत. सहाव्या वर्षी तो तपासणी करून परत माझ्या टेबलाशी आला. पायरीवर बायको पाय लांब करून बसली होती.

"गुरुजी, डाक्टरला जरा तुमी सांगा. दिवसाचं समदं दिसतंय. पर त्या दिशी रिफ्लेक्टर दिसला न्हाई, त्ये काय आजाराचं हाय, त्ये त्यांनी बघाया पायजे."

सहा वर्षं हा माणूस नसलेला आजार शोधत होता.

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," मी म्हणालो. "रिफ्लेक्टर मोळ्यांखाली झाकला होता. कोणालाच दिसला नसता. मला गाडीवानानं आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि हवालदारापुढं बोललो नाही."

तो चिडेल, टेबल उलथवेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो खाली बघून हळूच म्हणाला, "म्हंजी मला दिसत व्हतं."

पायरीवर बसलेल्या त्या बाई उठल्या, भिंतीला धरत टेबलापाशी आल्या.

"आत्ता बोलला त्ये लिवून द्या, गुरुजी. टेम्पोच्या मालकाला दाखवाया."

मी लिहिलं. इतक्या वर्षांत दलाच्या कागदावर लिहिलेला तो माझा पहिला खरा वृत्तांत. सही करून कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला, बघितला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

"आमाला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

रांगेत अर्धं गाव होतं. दलाची माणसं होती, माझे विद्यार्थी होते. मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्या दिवशी पहिली ओळ वाचतो न वाचतो तोच त्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, मोठ्यानं."