भुताच्या सिनेमातल्या चार मात्रा

दिगूदादा गेल्याचा निरोप मळवलीहून आला, तेव्हा मी शाळेच्या वह्या तपासत होते. महिना होऊन गेला, पण अजून कुणी 'दादा' अशी हाक मारली की मी वळून बघते.

हा माझा आतेभाऊ आंदर मावळातला. लोणावळ्यात शिवणकाम करायचा आणि पेटी काय झकास वाजवायचा! एका वर्षी रेल्वेच्या यार्डालगतच्या तंबूत भुताचा सिनेमा आला. त्यातली गाणी रेडिओवर लागायचीच, पण भूत येताना जे बिनशब्दांचं वाजतं ते कुठल्याच तबकडीवर नव्हतं. झालं! दादानं ते अख्खं पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. सात संध्याकाळी डोळे मिटून बसला. लोक किंचाळतायत आणि हा आपला मापांच्या वहीत सा रे ग म लिहितोय! पेटी त्याची, ढोलकी शेजारच्या तुकाभाऊंची, आणि भूत विहिरीतून वर येतं तिथला लांबलचक उंच सूर माझ्या गळ्याचा. महिनाभर घसा खरवडला मी.

मळवलीच्या शाळेत ते वाजवायचं ठरलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, एकदा ताडून बघावं म्हणून, तो पुण्याला तोच सिनेमा पाहून आला. तोंड पार उतरलेलं. "सुमे, तितं काईच न्हाई गं... भूत वर येतं तवा समदं गप!"

मग आपला सूर कुठला? अहो, गाडीला मागून ढकलत घाट चढवून आणलेलं जादा इंजिन लोणावळ्याच्या यार्डात सुटताना शिटी देतं ना, ती! सातही दिवस गाडी त्याच वेळेला आली, हेच नवल.

मी भडकले. "राहू दे की! कुणाला कळणारे?"

"मला कळंल न्हवं," एवढंच म्हणाला आणि माझा सूर खोडून तिथं चार मात्रा रिकाम्या सोडल्या. रडले मी, खरं सांगते.

मळवलीच्या शाळेचं पटांगण भरलं होतं. ती जागा आली. दादानं पेटीवरून हात उचलले आणि माझ्याकडे बघत मानेनं मोजायला लागला... एक, दोन, तीन... कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढ्यात पुढे बसलेले एक आबा ओरडले, "आरं वाजीव की, जीव जायाची येळ आली!" आणि पुढचा सूर लागताच काय कल्ला झाला म्हणता! माझ्या किंकाळीला एवढी दाद मिळाली नसती. तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

परवा दादाची ती वही घेऊन एकटीच पेटीवर बसले. सगळं नीट वाजलं. विहिरीपाशी हात उचलले... समोर मान हलवणारं कुणी नव्हतं. मोजता मला येतं हो, चारच तर मात्रा. पण हात काही केल्या खाली येईनात.