जुन्या डिस्कचा हट्ट

सकाळपासून चौथ्यांदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नवी डिस्क बसवली, सेटिंगमध्ये तिला पहिला नंबरही दिला, तरी हा मेला सुरू होतो तो जुन्या डिस्कवरूनच. पुन्हा तोच जुना फोटो, तेच फोल्डर. "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" मी त्याच्यावर खेकसले.

आतून नवरा हाका मारत होता, "मृणाल, चहा गार होतोय." माझ्या काही ते कानात शिरलं नाही. तेवढ्यात माझा मोठा भाऊ आला आणि खालूनच ओरडला, "सुमे!" मी ताडकन उठून खिडकीत गेले.

लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. त्याला सव्वीस वर्षं झाली. रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे मी मृणालच आहे. सुमन कुठून पुसायची, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

हे चहाचा कप घेऊन बाहेर आले. "तीनदा हाक मारली. कळत नाही का तुला?"

मघाचा माझाच सूर. समोर कॉम्प्युटर निवांतपणे जुन्या डिस्कवरून सुरू होत होता.