आर्गॉनले नमवाले निघालो तवा

हसायचं असल तं आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मले तुम्ही बोलूच देणार नाही.

मी डोणगावले शाळेत केमिस्ट्री शिकवतो. आमचे मुख्याध्यापक मराठीचे. दसऱ्याच्या आधी ते मले म्हनले, "सर, लॅबमध्ये नुसती धूळ बसून राह्यली. सुट्टीनंतर तिथं जुने बाकडे ठेवून देतो."

बाकडे? माह्या लॅबमध्ये? डोकंच सटकलं माहं. म्हनलं, "सायेब, सुट्टी संपू द्या. असं काही दाखवतो का बाकडे विसरून जासान."

बोलून तं बसलो. दाखवू काय?

आता कसं आहे, हेलियम, आर्गॉन, झेनॉन हे निष्क्रिय वायू. हे कोनाशीच जमवून घेत नाहीत, असंच सारे लोक धरून चालले होते. मंग एका गड्यानं काचेच्या भांड्यात झेनॉन अन् एक लाल वाफ एकत्र सोडली. झालं, समोर पिवळा पदार्थ तयार. झेनॉनचा सारा तोरा उतरला. मी म्हनलं, झेनॉन त्यानं केला ना? आर्गॉन मी करतो.

वेल्डिंगच्या दुकानातून आर्गॉनचा सिलिंडर आनला ऑटोत घालून. काचेच्या नळीत आयोडीन तापवलं, वरून आर्गॉन सोडला. काही नाही. मॅग्नेशियम घेतलं, तरी काही नाही. चार दिवस तेच.

बायको म्हने, "अहो, त्याले नाही करायचं लग्न. काऊन मांगं लागून राह्यले?"

"करत कसा नाही? त्याचा बाप करन."

शेवटी सिलिंडरच संपला. नळी तशीच सोडून सनासाठी गावी गेलो.

सुट्टी संपल्यावर लॅबचं कुलूप उघडलं, तं काय सांगू? नळीच्या तोंडाशी पिवळा थर. पिवळाच. पळत जाऊन मुख्याध्यापकांले आनलं, मांगून सारा स्टाफ आला. पक्की खात्री व्हावी म्हनून धुन्याच्या सोड्याचं पानी थेंबभर टाकलं. थर लालभडक झाला.

"पाहा सायेब, आर्गॉनचं संयुग," मी म्हनलो.

मुख्याध्यापक चष्मा सावरून वाकले. "सर, हे हळद आहे. खंडेनवमीले मीच लावली. दर साली घंटेपासून कॉम्प्युटरपर्यंत साऱ्यांची पूजा करतो ना आपन."

मी काय एवढ्यात हटतो? "हळद आहे तं मंग लाल काऊन झाली?"

"कुंकू असंच बनते, सर."

हळदीचा हाच प्रयोग आठवीले दर साली मीच शिकवतो, हे मले तवा आठवलं. स्टाफ तं भिंतीले धरून हसून राह्यला होता.

"बाकडे राहू द्या," मुख्याध्यापक डोळे पुसत म्हनले. "लॅब चालू ठेवा. गावाले कुंकू तरी भेटन."

तं लॅब वाचली. संध्याकाळी घरी गेलो, अन् बायको कुंकवाची रिकामी डबी घेऊन दारातच उभी.