बेअरिंगवरचा अंगठा

मी चौथी पास आहे. नीट पास, ढकलपास नव्हे. लिहिण्यात चुका असतील त्या दुरुस्त करून घ्या, पण मजकूर बदलू नका.

तुमच्या या सदरात लोक लिहितात ते मी वाचतो. कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाला चकव्याने रात्रभर फिरवला... मला असलं काही कधी दिसलेलं नाही. भूत, करणी, मूठ मारणे, काही मानत नाही मी. आजही नाही. पिंपळाखाली घोंगडी टाकून झोपलेला माणूस आहे. तरी एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हाताची झाली. ती मला कोणी समजावून दिलेली नाही, म्हणून लिहितो.

इंग्रजांच्या वेळची गोष्ट. एकोणीसशे तीस सालानंतरची, मोठी लढाई लागायच्या आधीची. मुंबईच्या एका कंपनीने रत्नागिरीला विमान आणायचं ठरवलं. एकावर एक पंख असलेलं लहान विमान — टपाल आणि दोन-तीन उतारू. पावसाळ्यात बंद, बाकी हंगामात चालू. आमच्या गावाच्या डोक्यावर आरे-वारेच्या अंगाला कातळाचा सडा आहे, म्हणजे उघडं पठार. नुसता जांभा, सावलीला झुडूप नाही. त्यावरचे दगड वेचले, खळगे बुजवले आणि विमान उतरायची जागा केली. कडेला पत्र्याची शेड. कंपनीचा पारशी इंजिनियर हंगामभर शहरात राहायचा आणि रोज वर यायचा. आम्ही त्याला शेठजी म्हणायचो.

हाताखाली गावातले दोघे घेतले. एक मी, सखाराम. दुसरा माझा चुलतभाऊ भिकू. मी मोटार स्टँडवर क्लीनर म्हणून वर्षं काढलेली, चाक म्हणजे काय ते मला ठाऊक. भिक्याने जन्मात बैलगाडीला धड वंगण घातलेलं नव्हतं. त्याचा बाप पुढे होऊन बोलला म्हणून तो लागला, एवढंच.

आता काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विमानाच्या चाकात आणि सुकाणूच्या तारा ज्या कप्प्यांवरून, म्हणजे खाचेच्या लहान चाकांवरून, जातात त्या कप्प्यांत बेअरिंग असतात. दोन कड्या, मध्ये पोलादी गोळ्या. एक जोड विमानात चालायचा, एक आमच्याकडे धुवायला. जुनं ग्रीस काढायचं, पेट्रोलात बेअरिंग धुवायचं, मलमलीने टिपायचं. मग उजेडात धरून गोळ्या बघायच्या — कुठे खड्डा, कुठे तडा, कुठे तापून निळा डाग. मग कडी बोटावर सावकाश फिरवायची. आत वाळूचा कण जरी असला तरी बोटाला कळतो. हे उघड्या बोटांनीच करावं लागतं, हातमोजा घातलेल्या माणसाला काय कळणार? शेवटी तळव्यावर ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत.

गोम इथेच आहे. धुतलेलं पोलाद उघडं असतं. घामट हात लागला की त्यावर गंज धरतो, वरून ग्रीस घातलं तरी आतून धरतो. त्यात आमची खारी हवा. म्हणून शेठजीने पहिल्याच आठवड्यात आम्हा दोघांची परीक्षा घेतली. दोन मोडकी बेअरिंग धुऊन एकेकाच्या हातात दिली. धरा, फिरवा, डब्यात ठेवा. सकाळी डबा उघडला. भिक्याचं आरशासारखं. माझ्या बेअरिंगवर अंगठ्याचा तांबडा ठसा उमटलेला. रेघ न् रेघ दिसत होती. माझ्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी कोयती लागल्याची तिरकी खूण आहे, तीसुद्धा.

शेठजी म्हणाला, "सखाराम, तुज्या हातात समुदर हाय काय रे?"

भिक्या खदखदून हसला. "शेठजी, मीठ लावून उन्हात घालू त्याचे हात. बाजारात सुकट म्हणून खपतील!"

झालं. बेअरिंग भिक्याकडे गेली. माझ्याकडे पेट्रोलचे डबे वाहणे, विमान यायच्या वेळी सड्यावरची गुरं हाकणे, आणि वारा कुठला ते वरून दिसावं म्हणून ओला पाला जाळून धूर करणे. मी शिकवलं असतं त्याला, असा मी! आणि मी गुरं हाकतोय.

हात घामट होता हे खरं. पण त्याच हाताने मी आंब्याची भेटकलमं बांधत असे. कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीला टेकवायचं, दोन्हीची साल काढून जुळवायची, केळीच्या सोपटाने बांधायचं, वर शेणमातीचा लेप अंगठ्याने दाबायचा. माझं एक कलम वाया गेलेलं कोणी दाखवावं. गावच्या खोतांच्या बागेत तर दरवर्षी मीच. लोक म्हणायचे सख्याचा हात ओला, लावील ते जगतं. पण ते म्हणजे माळीकाम. त्यात काय मोठं, असं मला वाटे. इंजिन कुठे, शेण कुठे.

भिक्याला खाकी कोट मिळाला. तो कोट घालून बाजारात. कोट घालून सासरवाडीला. शिमग्यात पालखी नाचवायला पुढे झाला तोही कोट घालून, आणि मानकरी मला म्हणतात, "सख्या, वायच सर, इंजिनवाल्याला येऊं दे." मी त्याच्यापेक्षा थोरला! मग एके दिवशी त्याला विमानातून फिरवून आणलं, जयगडपर्यंत जाऊन परत. खाली उतरला आणि सगळ्यांदेखत मला सांगतो, "दादा, वरनं तुजं घर शेणीएवढं दिसतं!"

घरी आलो तर माझी बायको काशी तेच विचारते. "भिकूभावजी इमानात बसले म्हणं? तुमाला कदी बसवणार?"

"मला नको बसायला."

"मग जेवतांव का नाय?"

मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धूर करायला पाला गोळा करत होतो. सड्याच्या टोकाला एक शेंदूर लावलेला धोंडा आहे. तो सड्याचा राखणदार. जागा करायच्या आधी गावकऱ्यांनी त्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घातलेलं, आणि जो तिथे कामाला लागेल त्यानेही आपापला नारळ द्यायचा अशी रीत. भिक्याने दिला होता. मी दिला नव्हता, कारण मी मानत नाही. धोंड्याला नारळ कशाला?

राखणदाराबद्दल जुनी माणसं एक सांगतात. तो फुकट देत नाही, फुकट घेतही नाही. मागणं करशील ते तोंड सांभाळून कर.

मी काही मागायला गेलो नव्हतो. पण समोर धोंडा, खाली शेडच्या सावलीत कोट घालून बसलेला भिक्या दिसतो आहे, आणि डोकं तापलेलं. मी मोठ्याने बोललो, "असशील खरा तर त्याचा सुका हात मला दे, नि माजा घामट हात घाल त्याच्या मनगटाला!" आणि सवयीने, गाऱ्हाण्याला जसे सगळे म्हणतात तसं, माझं मीच शेवटी म्हणालो, "होय महाराजा." नारळाच्या जागी तेवढंच.

बोललो त्याचं मला काही वाटत नाही. जे पोटात होतं तेच बोललो.

धूर करायला वाकलो तेव्हा लक्षात आलं. एवढं ऊन, पाठ भिजलेली, कपाळावरचा घाम डोळ्यात जातोय... आणि तळवे कोरडे. पेट्रोलने धुऊन पुसल्यासारखे कोरडे आणि थंड. वाटलं, विस्तवाची धग लागली असेल.

त्या दिवशी मी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. हे नीट वाचा. सकाळपासून गुरांमागे होतो आणि तिथूनच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी शेठजीने भिक्याने आदल्या दुपारी केलेला जोड उघडला, ग्रीस पुसलं आणि मला हाक मारली. कडीवर तांबडा ठसा. अंगठ्याचा. मध्ये तिरकी रेघ.

"तू हात लावला?"

"नाय शेठजी. आईची आण."

"मग ए कोणाचा अंगठा? तुज्या बापाचा?"

भिक्या बाजूला उभा. त्याने आपला अंगठा पुढे केला. गुळगुळीत, खूण नाही की ओरखडा नाही. शेठजी हट्टी माणूस, माझ्यासारखाच. त्याने पुन्हा परीक्षा लावली. आम्हा दोघांचे हात साबणाने धुवायला लावले, डोळ्यांसमोर एकेक बेअरिंग धरायला लावलं, दोन डबे आपल्या पिशवीत घालून शहरात घेऊन गेला.

सकाळी शेडच्या दारात उभं राहून त्याने डबे उघडले. माझं बेअरिंग आरशासारखं. भिक्याच्या बेअरिंगवर माझा अंगठा.

शेठजीने ठसा पुन्हा पुन्हा बघितला. भिंगातून बघितलं, उन्हात धरून बघितलं, माझा अंगठा त्या ठशाशेजारी धरून बघितला. मग दोन्ही डबे बंद केले. "आपण काय बघितला नाय," म्हणाला. "सखाराम, आजपासून बेअरिंग तू कर. भिकू, तू गाय हाक."

भिक्याने कोट काढून माझ्या अंगावर टाकला. "घे दादा. लय उकडतं त्यात." आणि हसत गेला. त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

पुढचे हंगाम माझे. माझ्या हातचं एकही बेअरिंग कधी गंजलं नाही, अडकलं नाही. "असा सुका हात मुंबईत पण नाय," असं शेठजी मुंबईहून आलेल्या साहेबाला माझ्यासमोर बोलला. विमानातही बसलो. भिक्याचं घर शेणीएवढंच दिसलं.

पण त्याच वर्षी पाऊस लागल्यावर नेहमीसारखा खोतांकडे कलमं बांधायला गेलो. झाडून सगळी वाळली. खोत म्हणाले, "सख्या, लक्ष नाही रे तुझं." पुढच्या वर्षी तेच. आणि भिक्या — ज्याने कधी मिरचीचं रोप जगवलं नाही — त्याने रिकामपणी घरामागच्या वरकस, पडीक उतारावर कलमं बांधली. सगळी धरली.

काशीला एकदा ताप भरला होता. मी कपाळावर हात ठेवला तर डोळे मिटलेले असताना दचकली. "कोण गो?" म्हणाली. डोळे उघडून मला बघितलं, तरी हात बाजूला केला. "नको. परका वाटतो."

मग लढाई आली, विमान बंद पडलं. शेडचे पत्रे कोणी उचलून नेले. रत्नागिरीत बेअरिंग धुणारा सुका हात घेऊन मी काय करणार होतो? सायकलची चाकं केली, पंपाची केली. तीही गंजली नाहीत. कौतुक कोण करतो?

भिक्याचा उतार आता आंब्यांनी भरलेला आहे. दर वैशाखात तो आंब्यांची एक डाली आमच्याकडे पाठवतो. मी त्याच्या दारी जात नसे. गेल्या पावसात मात्र गेलो, काशी हट्टाला पेटली म्हणून. भिक्या म्हातारा झाला आहे, पाठीत वाकला आहे, पण हात अजून तसेच — ओले. मला बागेत फिरवलं. नवी कलमं नुकतीच बांधलेली, लेप अजून पुरता सुकलेला नव्हता. मी वाकून बघितलं.

शेणमातीवर अंगठा दाबलेला. मध्ये तिरकी रेघ. दुसऱ्या कलमावर तीच. तिसऱ्यावर तीच.

"ही कोणी बांधली?"

"मी. दुसरं कोण?"

मी त्याचा अंगठा धरून उलटा केला. गुळगुळीत. तोही वाकून लेपाकडे बघत होता. त्याला ते नवीन नव्हतं, तोंडावरून कळत होतं मला.

निघताना त्याने नेहमीसारखी दादा म्हणून हाक मारली. "आंबे खातोस की नाय? काशीवैनी म्हणतात, तू टाकून देतोस. खा की. तुज्याच हातचे हायत."

परत येताना सड्यावरून आलो. धोंडा आहे तिथेच आहे. नारळ मी अजून दिलेला नाही आणि देणारही नाही, कारण मी मानत नाही.

हे कसं झालं ते मला माहीत नाही. शेठजीला कळलं नाही, तुम्हालाही कळायचं नाही. त्याचं उत्तर मला नकोच आहे. मला दुसरंच विचारायचं आहे, आणि वाचणाऱ्यांत कोणी वकील असेल तर त्याने खरं सांगावं. कलमं धरली ती माझ्या हाताने. प्रत्येकावर ठसा माझा.

मग ती बाग कोणाची?