फ्रीज बोलत नाही

लहान मुलाकडे नुसतं पाहत बसणं ही एक साधना आहे. हे वाक्य माझं आहे आणि ते मी ठाण्यातल्या एका सभागृहात, पालकांच्या मेळाव्यात, माइकवरून म्हटलं आहे. टाळ्या पडल्या. आयुष्य शाळेत काढलेल्या माणसाने 'साधना' हा शब्द वापरला की टाळ्या पडतातच, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला. पहिल्या रांगेत माझी बायको बसली होती आणि ती टाळ्या वाजवत नव्हती.

कारण डोंबिवलीतल्या आमच्या घरात चार वर्षांच्या नातीने मला काहीही दाखवणं बंद केलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

आधी सगळं दाखवायची. मेलेला भुंगा, बसचं तिकीट, गुडघ्यावरची खपली. "आबा, बघ!" आणि मी बघायचो, म्हणजे तसं मला वाटायचं. प्रत्यक्षात विचारायचो. भुंग्याला पाय किती? तिकिटाचा रंग कोणता? पर्यवेक्षक म्हणून वर्ग तपासत फिरायचो, तेव्हाची सवय. नोकरी संपली, सवय पेन्शनसारखी चालू राहिली. एकदा तिने सोसायटीमागच्या चिंचेखाली वेचलेले चिंचोके आणले आणि माझ्यासमोर मूठ उघडली. तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी चिंचोक्यांकडे बघत होतो.

"किती आहेत, सांग बघू?"

मूठ मिटली. "माहीत नाही," ती म्हणाली आणि डायनिंग टेबलाखाली गेली.

मग बालवाडीतून निरोप आला. मुलांमध्ये ही अखंड बडबडते, पण मोठ्या माणसाने काहीही विचारलं की म्हणते, "माहीत नाही." टीचरने नाव विचारलं तरी माहीत नाही. जूनमध्ये मोठ्या शाळेत जायचं, तिथे ही अशीच राहिली तर, ही सुनेची काळजी. संध्याकाळी घरात बैठक बसली. मुलगा म्हणाला, मोबाइलमुळे होतंय. सून म्हणाली, असेल. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण या विषयातला जाणता मी.

"मोबाइलच," मी म्हणालो.

मोबाइलची रवानगी कपाटावर झाली. कार्टून बंद झाल्यामुळे नात रडली आणि मी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

ठाण्यातलं भाषण त्यानंतरच्या रविवारचं.

घरी आल्यावर बायकोने तो नारळ फोडला. "अहो, नारळाला डोळे किती, ते विचारायचं राहिलं का तिला?" शाल नातीने पळवली. टेबलावरून खाली सोडली आणि तिच्या घराला पडदा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या पडद्याजवळ जमिनीवर बसायला लागलो. साधना वगैरे काही नाही. वर्गाबाहेर उभं केलेलं पोर दाराशी घुटमळतं, तसं. काही विचारायचं नाही एवढंच ठरवलं होतं आणि ते गुडघेदुखीपेक्षा अवघड होतं. बरेच दिवस तिने माझी दखल घेतली नाही. मग एकदा पडदा सरकला.

"आबा, तू फ्रीज हो."

मी तोंड उघडलं.

"फ्रीज बोलत नाही."

तिने माझ्या कुर्त्याच्या खिशात चिंचोके टाकले. हे दूध, हे लोणी, हे पण दूध. तिच्या पुढ्यात जुन्या इडलीपात्रातलं एक ताट होतं. त्याच्या एकेका खळग्यात ती एकेक चिंचोका ठेवत होती. "ही आईची. ही बाबाची." हातातले संपले. तिने ताटाकडे पाहिलं. "दोन कमी पडल्या." खिशात हात घालून तिने नेमके दोन काढले. "ही आजीची. आणि ही आबाची. आबा भाषणाला गेलाय. झाकून ठेवू."

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"शाब्बास! बरोब्बर मोजलंस!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खिशातलं दूध आणि लोणी तिने काढून घेतलं. "फ्रीज बिघडला," म्हणाली आणि शाल ओढून घेतली.

संध्याकाळी सून मेथी निवडत होती. मी समोर बसलो, एक जुडी ओढून घेतली.

"मोबाइल निर्दोष आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुमचं भाषण जवळ आलेलं, म्हणून गप्प बसले." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "टीचरना मी सांगून आलेय, तिला काही विचारू नका, नुसत्या जवळ बसा. त्यांना पटलं. तुम्हाला कसं सांगायचं तेवढंच कळत नव्हतं."

"सरळ सांगायचं."

"कसं सांगणार? वाक्य तुमचंच आहे."

कपाटावरून मोबाइल काढून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी स्टुलावर चढलो, तो खाली आणला, पुसला. माफी मागायची पद्धत मला माहीत नव्हती, मोबाइलची मागायची तर नाहीच.

ते स्टूल सकाळी जागेवर नव्हतं. शालीच्या आत होतं.

"नवीन फ्रीज आणलाय," नात म्हणाली.

"मग मी कोण?" प्रश्न तोंडून गेलाच.

"माहीत नाही."

मी उठायला लागलो. या गुडघ्यांनी उठायला वेळ लागतो. पडद्याआड काहीतरी खुडबुडलं.

"तू वॉशिंग मशीन," आतून आवाज आला. "ते आवाज करतं. चालेल."

आमचं वॉशिंग मशीन बाल्कनीत असतं.