चौकातला पंप

अर्थशास्त्राच्या वर्गात मी दरवर्षी एक आलेख फळ्यावर काढतो: कोणत्या देशाने किती पेटंट अर्ज केले. काढण्यापेक्षा तो पुसण्याची मला हौस. अर्ज मोजून देशाची बुद्धी ठरवणं म्हणजे लग्नपत्रिका मोजून संसार सुखाचे ठरवणं, असं मी म्हणतो. मुलं हसतात.

यंदा त्या आलेखात मीही आहे. महाविद्यालयाच्या मूल्यांकनात पेटंटला गुण असतात, म्हणून आम्ही काही सहकाऱ्यांनी फवारणीच्या पंपाचा अर्ज केला. पंप वजनाला हलका, कीड आपोआप ओळखणारा आणि कुठेही अस्तित्वात नसलेला. मी अर्जाचं इंग्रजी तपासलं, म्हणून मीही संशोधक. अर्ज प्रसिद्ध झाला. म्हणजे मंजूर नव्हे. कुणालाही वाचता येईल एवढंच. पुढे अर्ज मंजुरीपर्यंत नेण्याचा कुणाचाच विचार नव्हता.

परवा गावी, शेलूबाजारला, जीपमधून उतरलो, तर चौकात फ्लेक्स. माझा फोटो, खाली ‘थोर संशोधक’, आणि शुभेच्छुकांत सगळ्यात वर दादाचं नाव. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सोयाबीन, तूर, आणि पाठीवरच्या पंपाने कामातून गेलेला उजवा खांदा. चहाच्या टपरीवर तो वाटच पाहत होता.

“कवा येते तुहा पंप? म्या यंदा नवा घेतलाच नाही. जुन्यावरच भागवून राह्यलो.”

“दादा, पंप नाही. कागद आहे फक्त.”

“कागदावरून बनवतीन ना कोनी?”

“कोनी नाही बनवत. कॉलेजले आकडा पाह्यजे होता.”

तो खांदा चोळत बसला. चहावर साय धरली.

“फ्लेक्स उतरवून टाकू,” मी म्हटलं.

“आता उतरवला तं लोकं इचारतीन. राहू दे.”

तेवढ्यात शेजारचा खतवाला दुकानदार आत आला. “काय भाऊ, पंप कवा देता आमाले?”

बैलबाजारात गिऱ्हाइकाने न विचारताही बैलाचं खरं वय सांगणारा माझा भाऊ. तो म्हणाला, “सरकारात अडकून राह्यला ना गा. येईन.”

मग त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वर फ्लेक्सवर मी हसत होतो, म्हणून मीही वर न पाहता कपातच पाहत राहिलो.