तिसऱ्या शीलाचा अर्थ

बौद्ध धर्माच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीत ठरलं, घरोघरचे देव गंगाखेडला गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायचे. ठरवलं पुरुषांनी. हात लावायची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्यांची पाचावर धारण बसली. न जाणो, देवी कोपली तर! शेवटी माझ्या काकूनं पदर खोचला, आमचे देव उचलले, शेजारपाजारचेही गोळा केले आणि टोपलं डोक्यावर घेऊन वाट धरली. काका आणि बाकीचे मर्दगडी दहा हात मागून चालत होते.

निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेला मी. वस्तीत वाचता येणारा एकटाच, म्हणून लोक मास्तर म्हणत. वंदना शिकवायचं काम माझ्याकडंच आलं. पुरुष पुढं सतरंजीवर बसून चुका करत आणि बायका मागं भुईवर. सगळ्यांत आधी पाठ झालं ते काकूचं. अर्थ विचारल्याशिवाय ती पुढं सरकत नसे. तरी पुढं बसून वंदना सांगायचा मान तिला कुणी दिला नाही. बायकांना मागंच बसवायचं होतं, तर नवा धर्म कशाला हवा होता?

वर्षभरात काकानं दुसरं लग्न काढलं. काकूला दोन्ही मुलीच. पंचांपुढं तो बिनदिक्कत म्हणाला, "पयलं लगीन जुन्या धर्मातलं. देव गंगंत सोडले, तेच्यासंगं तेबी गेलं."

"वाजवी हाय," पंच म्हणाले.

म्हणजे काकू आता कुणाची बायको नव्हती. राहायचं तर त्याच घरात भाकरी थापत राहायचं. त्या पंचांच्या डोलणाऱ्या माना मी आजही माफ केलेल्या नाहीत. पण लग्न लावायला उभा राहिलो तो मीच. नाही म्हणता आलं असतं. मी काकाच्या घरी जेवत होतो, एवढीच सबब, आणि तीही सडकी.

मांडवात मी पंचशील सांगत होतो, लोक मागून म्हणत होते. तिसरं शील झालं आणि बायकांतून काकू उठली.

"मास्तर," ती म्हणाली. एरवी मला बाळा म्हणायची. "याचा अर्थ समद्यायला सांगा."

अर्थ सोपा होता. मी व्यभिचार करणार नाही. तिला तो मीच शिकवला होता. काका डोळे वटारून माझ्याकडं बघत होता. त्याच्या शेजारची पोरगी माझ्याहून लहान, मान खाली घालून बसलेली.

"नंतर सांगतो, काकू. बसा खाली."

"मला ठावं हाय. तुमाला सांगता येतंय का, ते बघायले."

दोन्ही मुलींचे हात धरून ती मांडवाबाहेर गेली. कुणी अडवलं नाही. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"व्हऊ द्या पुढं," काका म्हणाला.

मी चौथं शील सांगितलं. मी खोटं बोलणार नाही. सगळ्या मांडवानं ते माझ्यामागं खड्या आवाजात म्हटलं.